कालची पानं कुठायत?

आमच्या घरी शूटिंग झालेला सिनेमा शेवटी गेल्या आठवड्यात मोबाइलवर आला. नाव लिहीत नाही. चार दिवसांचं भाडं त्यांनी चोख दिलं, जाताना पडवीसुद्धा झाडून दिली. त्यांचीच उणीदुणी नाव घेऊन काढणं बरं नाही. गोष्ट म्हणाल तर बारावीची परीक्षा संपलेली पाच पोरं घरी थापा मारून मे महिन्यात कोकणात पळून येतात आणि एकाच्या आजीकडे लपतात. आजी पुण्याची नटी, घर मात्र आमचं. हर्णैपासून जवळच, खालच्या वाडीत.

जेवणं आटपल्यावर मी आणि सासूबाई बघायला बसलो, मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून. पोरं मुंबईहून निघाली तेव्हा गाडीला विजेचं इंजिन होतं, खेडला पोचली तेव्हा डिझेलचं, आणि वर तारा गायब. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पुरं झालं, म्हणजे तो तुकडा कुठल्यातरी जुन्या साठ्यातून उचललेला. मी काही बोलले नाही. इथवर सगळं माफ होतं.

मग समुद्र आला.

"अगो, ही पहाट कसली?" सासूबाई म्हणाल्या. पोरगी तोंडात ब्रश धरून किनाऱ्यावर येते आणि समोर समुद्रातून लालभडक सूर्य वर येतो. आमच्याकडे तो डोंगरामागून उगवतो आणि समुद्रात बुडतो, हे बालवाडीतलं पोरही सांगेल. यांनी संध्याकाळी काढलं आणि उलटं चालवलं. कशावरून? लाटेवरून. वाळूवर फेस आधीच पसरलेला असतो, तो गोळा होत होत आत सरकतो आणि तिथे त्याची लाट उभी राहते. बरं तर बरं, त्या तुकड्यात पोरगी नाही. असती तर पेस्टचा फेस वाळूतून उठून परत तिच्या तोंडात गेला असता.

खरा राग सासूबाईंना आला तो भांडणाच्या प्रसंगाला. भरतीचं गणित त्यांच्या बोटांवर असतं. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. शूटिंगच्या त्या दिवशी पंचमी होती, म्हणजे पावणेचार. त्याआधी सहा तास धरले तर पावणेदहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. मंडळींनी लांबून दिसणारे शॉट घेतले सकाळी, आणि जेवून, सावलीत लवंडून, पोरांची तोंडं जवळून घेतली चारला. सिनेमात भांडण चालतं जेमतेम दोन मिनिटं. लांबून दाखवतात तेव्हा मागे पाऊणशे पावलं ओली वाळू आणि एक होडी कुशीवर कलंडलेली. जवळून दाखवतात तेव्हा पाणी सुरूच्या बुंध्यांपाशी आणि तीच होडी मजेत डुलतेय. परत लांबून, परत कलंडलेली. "दोन मिनिटांत चार भरत्या!" सासूबाई म्हणाल्या. "कोळ्यांनी होड्या लावायच्या तरी केव्हा?"

असं होऊ नये म्हणून त्यांच्याकडे एक खास मुलगी होती. सगळे तिला कंटिन्युइटी म्हणूनच हाक मारायचे, जणू तेच तिचं नाव. पंचवीसेक वर्षांची, पाय डासांनी फोडलेले. दिवसभर फोटो काढायची. कुणाच्या बाह्या किती दुमडल्यात, कुणाची पिशवी कुठल्या खांद्यावर, केसाची बट कानापुढे की मागे. शूटिंग गोष्टीच्या क्रमाने होतच नाही, हे मला तिच्याकडून कळलं. आमच्या ओटीवर पोरांचं येणं आणि निरोप घेणं एकाच दुपारी उरकलं होतं, मधला आठवडा नंतर. पाणी चढतंय हे तिने त्या दिवशी सांगितलं होतं म्हणे. पण एका नटाला त्याच रात्री मुंबईला परतायचं होतं. समुद्र थांबत नाही आणि नटही.

सोलकढीचा प्रसंग तर मला पाठच आहे, कारण कढी माझी. नायकाला पिता पिता हसू फुटतं आणि कढी नाकातून येते, एवढाच विनोद. त्याचे अकरा टेक झाले. दरवेळी पाचही काचेचे पेले सारख्या पातळीला भरायचे. तिने मागच्या बाजूला स्केचपेनाचे ठिपके दिले होते. सातव्या टेकला नारळाचं दूध संपलं. मी दुसरा नारळ खवून वाटला, पण कोकमाचं आगळ उरलेलं थोडं, त्यामुळे रंग फिकट आला. आता सिनेमात बघा. नायकाचा पेला अर्धा, मग काठोकाठ, मग रिकामा, मग पुन्हा अर्धा, आणि रंग कधी जांभळट गुलाबी, कधी बाळाच्या झबल्यासारखा. मी तिला तेव्हाच विचारलं होतं, हे जुळणार कसं? ती म्हणाली, "काकू, हसू ज्या टेकला आलं तो ठेवतात. पेल्याकडे कोण बघतंय?"

आम्ही बघतोय, बाई.

आंब्याचं तर बोलूच नका. गोष्टीत मे, शूटिंग फेब्रुवारीत. आमच्या रायवळाला मोहोर लागलेला, त्याच फांद्यांना यांनी तारेने पिवळेजर्द हापूस टांगले. आम्ही आंबा तयार झाला की झेल्याने उतरवून अढीत घालतो. झाडावर इतका पिवळा व्हायची वाट बघितली तर तो वटवाघळं खातील. दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे हो. फाटकावरच्या माणसाला विचारलं असतं तरी चाललं असतं.

एक चूक मात्र मला आवडली. नायकाच्या उजव्या गालावर भली मोठी पुटकुळी आहे, निम्मा सिनेमा तिच्यावरच चालतो. एसटीजवळ नायिका दिसते तेव्हा पुटकुळी डाव्या गालावर! मला वाटलं मेकअपवाल्याची झोप झाली नसेल. थांबवून नीट पाहिलं तर एसटीचं दारही उजवीकडे गेलेलं, ड्रायव्हर डावीकडे आणि पाटीवरची दापोली उलटी. म्हणजे चित्रच आरशासारखं फिरवलंय. नायिका एका बाजूला बघतेय तर नायकाने तिच्या दिशेला बघायला हवं, नाहीतर दोघं एकाच झाडाकडे बघतायत असं वाटतं. ते जुळवायला अख्खी एसटी फिरवली. सासूबाईंना हे पटवायला मला कुंकवाचा आरसा आणावा लागला.

आणि आता माझी चूक.

शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नायिका पिशवी घेऊन रागाने पायरी उतरते इथवर झालं आणि उजेड गेला. पुढचं सकाळी घ्यायचं ठरलं. मी नेहमीप्रमाणे पहाटे उठले, खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, झाडलं, शेणाने सारवलं, पानं न्हाणीच्या चुलीत घातली आणि आंघोळीचं पाणी तापवलं. सातला ती मुलगी आली. हातातल्या फोटोकडे बघितलं, खळ्याकडे बघितलं, आणि पायरीवर मटकन बसली.

"काकू, कालची पानं कुठायत?"

"पाणी तापलंय," मी म्हटलं, "आंघोळ करून घे."

हसावं की रडावं तिला कळेना. मग तिच्याबरोबर तीन पोरं शेजारच्या फणसाखाली धावली आणि टोपलीभर पानं आणून पसरली. काल आंब्याची होती, हे माझ्या ध्यानात आलं, पण तिचा चेहरा बघून मी गप्प बसले.

सिनेमात ते जेमतेम चार सेकंद आहे. नायिका धुळीच्या, आंब्याच्या पानांनी भरलेल्या खळ्याच्या दिशेने पाय उचलते आणि तो पडतो ओल्या हिरवट सारवणावर, फणसाच्या पानांत. माझ्या बोटांचे अर्धगोल स्पष्ट दिसतात. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या चष्मा सारून मोबाइलवर वाकल्या होत्या.

"खळं काय सुरेख दिसतंय गो," त्या म्हणाल्या. "मागे घे जरा."