आठ ओळींवरचा परिच्छेद

स्मरणिका समितीने 'शाळेने मला काय दिले' यावर पानभर मजकूर मागितला आहे. शिस्त, संस्कार, मैदान यांवर बाकीचे लिहितीलच. मी आपला परिच्छेदाबद्दल लिहितो.

आमच्या मराठीच्या बाईंना रसग्रहणात 'सुंदर' हा शब्द चालत नसे. 'बालकवींनी निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे' असे कुणी लिहिले, की समासात लाल शाईने 'कुठे?' उमटायचे. पुढच्या खेपेला त्याने कवितेतली ओळ उतरवून दिली, की शेरा यायचा, 'मग?'. गाईडातली वाक्ये या दोन शेऱ्यांपुढे टिकत नसत. 'कवितेतील शब्दयोजना थेट मनाला भिडते' हे वाक्य बाईंनी एकदा फळ्यावर लिहिले आणि विचारले, "ओळखा पाहू, कोणती कविता?"

बालकवींची 'औदुंबर' ही आठ ओळींची कविता शिकताना मात्र आमच्या अंगात वेगळाच उत्साह संचारला होता. आम्ही जळगाव जिल्ह्यातले. बालकवी धरणगावचे, आणि गेले तेही इथेच. मे १९१८ मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातात, वयाची २८ वर्षेही पूर्ण झालेली नसताना. त्यामुळे निम्म्या वर्गाने कवितेतला काळा डोह म्हणजे कवीला लागलेली मृत्यूची चाहूल, असे ठोकून दिले. बाईंनी त्यावर सरळ काट मारली. "या आठ ओळींत रूळ दाखवा, मग अपघात लिहा." तेव्हा आम्हाला हे फार कोरडे वाटले होते. आज वाटते, आमच्याकडच्या कवीवर त्यांना याहून मोठी मेहेरबानी करता आली नसती.

मग दोन तास एकच परिच्छेद चालला. कुणीतरी म्हणाले, कवितेतले रंग गडद होत जातात. बाईंनी ते वाक्य फळ्यावर घेतले आणि पुरावा मागितला. हिरवाळी, निळासांवळा झरा, शेतमळ्यांची हिरवी गर्दी, काळा डोह. सगळे कसे रांगेत. फक्त 'पायवाट पांढरी' मध्येच आडवी आली. "ती सोडून देऊ," मागच्या बाकावरून सूचना आली. बाई म्हणाल्या, "जी ओळ तुमच्या म्हणण्यात बसत नाही, तिच्यावरच दोन वाक्यं जास्त लिहायची." म्हणून पुन्हा वाचले. पायवाट पांढरी आहे म्हणूनच हिरव्यातून उठून दिसते, आणि आपली नजर तिच्यावरून 'अडवी तिडवी' चालत थेट डोहापर्यंत जाते. म्हणजे सगळ्यांत उजळ रंगच आपल्याला अंधाराकडे नेतो. पहिले वाक्य पुसले गेले.

एवढ्यात सुटका झाली असती, पण पुढे 'गोड काळिमा' होता. गोड? डोह काळा, पाणी झाकोळलेले आणि वर गोड! आता अंधार म्हणजे भीती हेही टिकेना. शेवटी फळ्यावरचे पहिले वाक्य असे झाले: 'या कवितेतले रंग आपल्याला उजेडाकडून काळोखाकडे नेतात, पण तो काळोख भिववत नाही.' त्याखाली अर्धा फळा भरला होता आणि त्यात पाणी घालून वाढवलेले एकही वाक्य नव्हते. परिच्छेद लांब करायचा म्हणजे आणखी मुद्दे जमवायचे, हा समज तिथेच गळून पडला. मुद्दा एकच, आणि कवितेतली प्रत्येक ओळ त्याला टोकते. त्या टोकण्याला उत्तर देता देता परिच्छेद वाढतो.

हल्ली रसग्रहण आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये अशा खणांत लिहितात. तपासणाऱ्याला सोपे जात असेल, पण मला ते पटत नाही. 'गोड काळिमा' कोणत्या खणात टाकायचा? त्यातला 'गोड' भाषेत आणि काळिमा आशयात गेला, तर कविता राहिली कुठे?

शेवटच्या ओळीवर वर्गात दोन तट पडले. 'पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर'. एका गटाला तो विरक्त साधू दिसला, दुसऱ्याला जगाला कंटाळलेला माणूस. जाणत्या समीक्षकांतही या झाडावरून मतभेद आहेत, हे आम्हाला पुढे कळले. बाईंनी कौल दिलाच नाही. काहीही लिहा, पण आधीच्या ओळीतल्या 'गोड'ला उत्तर द्या, एवढीच त्यांची अट होती. कंटाळलेल्यांचा गट तिथे अडखळला.

सर्वांत चांगला परिच्छेद लिहिला तो एरवी वर्गात तोंड न उघडणाऱ्या एका मैत्रिणीने. तिने साधू घेतला नाही, रंगही घेतले नाहीत. कवितेत गाव आहे, घरे आहेत, शेतमळे आहेत, वापरून पांढरी झालेली वाट आहे, पण माणूस एकही नाही. आणि जिथे माणसाने बसावे तिथे, माणसासारखे पाय सोडून, झाड बसले आहे, असे तिने लिहिले होते. बाईंनी तो परिच्छेद वर्गात मोठ्याने वाचून दाखवला आणि वही परत देताना तिला विचारले, "मग ती वाट कुणी पाडली?"