आडवी रेघ

ताईच्या फाइलमध्ये 'पुढचा एमआरआय' आणि त्याच्यापुढे आडवी रेघ. तारीख नाही, महिना नाही. सकाळपासून ती रेघ डोळ्यांपुढून हलत नाही.

नव्या डॉक्टरांचं चुकलं असं नाही, अर्धंच बरोबर आहे. ताईला ट्यूबरस स्क्लेरोसिस आहे, मेंदूत, किडनीत साध्या गाठी होणारा जनुकीय आजार. त्यात सेगा नावाची मेंदूतली गाठ बहुधा विशीच्या आतबाहेर वाढते. म्हणून २५ वर्षांपर्यंत दर १ ते ३ वर्षांनी मेंदूचा एमआरआय, पुढे थांबलं तरी चालतं. पण हे ज्यांना गाठ नव्हतीच त्यांचं. ताईची चौदाव्या वर्षीच दिसली होती, ११ मिलिमीटर. अशांनी मोठेपणीही तपासत राहायचं असतं. हे सगळं मला येत होतं. बाहेर रांग होती, मी "बरं" म्हटलं आणि फाइल उचलली.

गाठ साधी आहे, ग्रेड १. वाईट आहे ती जागा. फोरामेन ऑफ मोन्रो म्हणजे मेंदूतल्या पाण्याची अरुंद वाट. तिथे गाठ फुगली की पाणी तुंबतं. पहाटेची उलटी, डोकेदुखी, चालताना तोल जाणं. ताई कुठे सांगते डोकं दुखतंय म्हणून? ती चिडते, रात्रभर जागते, फिट्स वाढतात. आणि आपण फिटच्या गोळ्यांचा डोस बघत बसतो.

दरवेळी मीच का लक्षात ठेवायचं? अमेयला फोन करावा तर... जाऊ दे.

वाढलीच तर एव्हरोलिमसची गोळी आहे. गाठ आक्रसते, गोळी बंद केली की बहुतेकदा पुन्हा डोकं वर काढते. तोंड येतं. रक्तातली औषधाची पातळी बघायला रक्त त्या दिवशीच्या गोळीच्या आधी द्यायचं, नंतर दिलं तर आकडा उगाच चढा येतो. कार्बामाझेपिन ही फिटची गोळी चालू असेल तर पातळी मुळातच खाली राहते. पण हे सगळं पुढचं. आधी ती रेघ.

रात्री जुने रिपोर्ट मांडले. ११, १२, १२, १३. प्रत्येकावर 'लक्षणीय बदल नाही'. खोटं कोणीच लिहिलेलं नाही. प्रत्येकाने फक्त मागच्याशी ताडलंय. शिवाय ५ मिलिमीटर जाडीच्या कापांवर एका मिलिमीटरचं काय घेऊन बसायचं? म्हणजे चिठ्ठीत लिहून मागायला हवं: पातळ काप, कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून द्यायचं औषध), आणि तुलना सगळ्यात जुन्या स्कॅनशी. त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, कारण किडनीतही गाठी आहेतच.

एवढं ठरल्यावर भूक लागली. रेघ ओढणाऱ्यावरचा रागही जरा उतरला; तिथे बसून मान डोलावणारी मीच होते.

सगळ्यात जुनी सीडी माळ्यावर मिळाली, दिवाळीच्या माळांखाली. ओरखडे फार नाहीत. लॅपटॉपला मात्र सीडी घालायची फटच नाही. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला अकराला उघडतो.