झेंड्यापासून टीकडे : ओल्ड कोर्सवरील माझा अनुभव

पाटबंधाऱ्यांच्या कामांवर सर्वेक्षण करण्यात माझी नोकरीची सारी वर्षे गेली. डंपी लेव्हल लावून जमिनीच्या उंच्या घ्यायच्या, समोच्च रेषांचा, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा काढायचा आणि पावसाचे पाणी कोणत्या अंगाने उतरेल हे त्यावरून ठरवायचे, हे काम इतके अंगवळणी पडले होते की कुठलेही माळरान दिसले तरी नजर आधी पाणलोटाची रेषा शोधू लागे. गोल्फ मात्र मी पुण्यात चाळिशीनंतर शिकलो आणि ही नजर त्या खेळात कधी वापरली नाही, कारण तशी गरजच पडली नव्हती. आमच्याकडे ग्रीनला, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीला, नियमित पाणी दिलेले असे, उंच मारलेला चेंडू पडल्या जागेपासून दोन-तीन पावलांत थांबे. त्यामुळे ड्राइव्ह, म्हणजे टीवरून (सुरुवातीच्या जागेवरून) मारलेला पहिला फटका, फेअरवेच्या, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या आखूड गवताच्या पट्ट्याच्या, मध्यावर ठेवायचा आणि तेथून सरळ झेंड्यावर मारायचे, एवढेच माझे धोरण होते. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या गोल्फ मैदानावर खेळण्याची तयारी करताना ते मुळापासून बदलावे लागले. त्या तयारीचा आणि त्यानंतरच्या फेरीचा हा अनुभव आहे.

माझी मुलगी तेथून जवळच्या डंडी शहरात राहते. तिच्याकडे उन्हाळ्याचे तीन महिने काढायला गेलो असताना किनाऱ्यालगतच्या एका कोर्सवर तिच्याबरोबर पहिली फेरी खेळलो. ड्राइव्ह उत्तम बसले, बहुतेक फेअरवेच्या मधोमध पडले, आणि तरीही एकही अप्रोच, म्हणजे फेअरवेवरून ग्रीनकडे मारलेला फटका, ग्रीनवर राहिला नाही. वाळूची जमीन, त्यावर फेस्क्यू जातीचे बारीक, विरळ गवत आणि दिवसभर वाहणारा वारा यांमुळे तेथील जमीन टणक राहते. चेंडू पडतो तेथे थांबत नाही, तो पडल्यावर कुठे जायचे हे जमीन ठरवते. तिसऱ्या-चौथ्या होलनंतर (टीपासून झेंड्याखालच्या खळीपर्यंतचा टप्पा म्हणजे होल; त्या खळीलाही होलच म्हणतात) मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही झेंडा बघताय. चेंडू कुठे टेकणार आणि तिथून उतार कुठे नेणार, ते बघा ना. तुमचंच तर काम आहे ते.” त्या वाक्याने माझ्या विचाराची दिशा बदलली.

ओल्ड कोर्स रविवारी खेळासाठी बंद असतो आणि त्या दिवशी गावकरी तेथे फिरायला येतात. मी सलग चार रविवार तेथे वही घेऊन गेलो. या कोर्सवर 18 होलांसाठी केवळ 11 ग्रीन आहेत. पहिल्या, नवव्या, सतराव्या आणि अठराव्या होलांची ग्रीन स्वतंत्र असून उरलेली 7 ग्रीन दुहेरी आहेत, म्हणजे जातानाचा एक आणि परततानाचा एक होल एकाच ग्रीनवर संपतो. त्या दोन होलांच्या क्रमांकांची बेरीज दर वेळी 18 येते, उदाहरणार्थ दुसरा आणि सोळावा, किंवा सातवा आणि अकरावा. एवढ्या विस्तीर्ण ग्रीनवर “ग्रीनवर चेंडू आला” या म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही, कारण चेंडू ग्रीनवर असूनही झेंड्यापासून तीस पावले दूर आणि मध्ये दोन उंचवटे, अशी स्थिती सहज येते. फेअरवेही तसेच रुंद आहेत. कोर्सवर 112 बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, असले तरी चुकलेल्या ड्राइव्हला लगेच शिक्षा होईलच असे नाही. शिक्षा पुढच्या फटक्यात मिळते, कारण चुकीच्या बाजूने आलेल्या खेळाडूच्या आणि झेंड्याच्या मध्ये बंकर तरी येतो किंवा उलटा उतार तरी.

प्रत्येक ग्रीनच्या कडेकडेने, आत पाय न ठेवता मी हिंडलो आणि वहीत अंदाजे समोच्च रेषा काढल्या. उंचीचे अंतर पावलांनी आणि नजरेने घेतले; तीस वर्षांच्या सवयीनंतर एवढे जमते. मग प्रत्येक ठिकाणी स्वतःला एकच प्रश्न विचारला : येथे घागरभर पाणी ओतले तर ते कुठे जाईल? पाणी ज्या बाजूला जाते त्याच बाजूला शेवटच्या टप्प्यात चेंडू वळतो. पाणी जेथून येते त्या बाजूने खेळल्यास चेंडू उताराला लागून पळत सुटतो, आणि समोरून, चढावर खेळल्यास आवरतो. म्हणून झेंड्याजवळच्या उतारावर चढता फटका बसेल अशी एक रेषा झेंड्यापासून मागे काढायची, ती फेअरवेला जेथे मिळेल तेथे ड्राइव्ह ठेवायचा प्रयत्न करायचा. नकाशावर धरणाच्या भिंतीपासून नाल्याच्या उगमाकडे मागे जावे तशीच ही रीत आहे. अॅलिस्टर मॅकेन्झी या कोर्स रचनाकाराने ओल्ड कोर्सची बारकाईने मोजणी करून काढलेला आणि 1924 मध्ये प्रसिद्ध झालेला नकाशा मी पूर्वी पाहिला होता, पण तो केवळ सुंदर नकाशा म्हणून. चार रविवारांनंतर तो पुन्हा समोर धरला तेव्हा बंकरांच्या जागा आणि ग्रीनच्या कडा यांचा एकमेकांशी असलेला संबंध प्रथमच उमगला. याच मॅकेन्झीने पुढे गोल्फपटू बॉबी जोन्सच्या साथीने अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल या कोर्सची रचना केली.

उतार वाचणे आणि तो हाताला कळणे या निराळ्या गोष्टी आहेत. त्यासाठी मला सर्वांत उपयोगी पडले ते ओल्ड कोर्सला लागूनच असलेले ‘हिमालयाज’ नावाचे पटिंगचे मैदान. चेंडू जमिनीवरून हळू लोटत होलमध्ये घालण्याचा फटका म्हणजे पट. 1867 मध्ये स्थापन झालेल्या तेथील महिलांच्या पटिंग क्लबचे हे मैदान असून थोडे पैसे भरून कोणालाही तेथे खेळता येते. लहान मुले आणि आजी-आजोबा सारेच तेथे दिसतात. मैदानावरचे उंचवटे गुडघ्याएवढे आहेत. एका जागी होल जेमतेम आठ पावलांवर होता, पण मध्ये उंचवट्याची सोंड आडवी आली होती. सरळ मारलेला चेंडू सोंडेवरून घसरून दर वेळी माझ्याच पायांशी परत येई. मग मी होलकडे जवळजवळ पाठ करून वरच्या अंगाला मारला. चेंडू सोंडेच्या माथ्यावर गेला, तेथे क्षणभर थांबल्यासारखा झाला आणि मागच्या उतारावरून वळसा घेत होलपासून हातभर अंतरावर येऊन टेकला. तो फटका मी त्या संध्याकाळी पंधरा-वीस वेळा मारला. याशिवाय शेजारच्या, 9 होलांच्या बॅलगोव्ह कोर्सवर सात नंबरच्या आयर्नने (लोखंडी डोक्याच्या काठीने) चेंडू ठेंगणा ठेवून जमिनीवरून पळवण्याचा सराव केला.

ओल्ड कोर्सवर वेळ मिळवण्याचा एक मार्ग सोडतीचा आहे. खेळायच्या दिवसाच्या दोन दिवस आधी दुपारपर्यंत नावे द्यायची असतात, किमान दोन खेळाडू लागतात आणि हँडिकॅपचा, म्हणजे खेळाच्या पातळीचा, दाखला जवळ असावा लागतो. आमचे नाव पाच वेळा लागले नाही, सहाव्यांदा लागले. त्याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही. चिकाटी ठेवावी, एवढेच.

फेरीच्या दिवशी वारा समुद्राकडून वाहत होता. पहिल्या नऊ होलांत वहीतील रेषांनी बरी साथ दिली. अकरावा होल तीन पारचा, म्हणजे तीन फटक्यांत संपणे अपेक्षित असलेला, आहे; टीवरूनच ग्रीनवर मारायचे असल्यामुळे तेथे कोन निवडायची सोय नसते, परंतु लांबी निवडता येते. या ग्रीनचा उतार मागून पुढे इतका तीव्र आहे की झेंड्याच्या वर राहिलेला पट म्हणजे संकटच. पुढे स्ट्रॅथ बंकर आणि डावीकडे हिल बंकर आहे. 1921 च्या ओपनमध्ये, म्हणजे ब्रिटिश ओपन स्पर्धेत, बॉबी जोन्सने याच होलवर आपली फेरी सोडून दिली होती, आणि तोच 1927 मध्ये सेंट अँड्र्यूजलाच ओपन जिंकला, ही गोष्ट मला फार धीर देणारी वाटते. मी एक क्लब कमी, म्हणजे थोडी कमी अंतराची काठी, घेतला, चेंडू ग्रीनच्या पुढच्या काठाशी राहिला आणि वर चढणाऱ्या दोन पटमध्ये होल संपला. चौदाव्यावर नेमका उलटा प्रकार आहे : ग्रीनच्या तोंडाशी उभा बांध आणि त्यामागे जमीन खेळाडूपासून दूर उतरत गेलेली. तेथे हवेतून मारलेला चेंडू मागे निघून जातो, म्हणून मी बांधावरून पटरनेच चेंडू वर चढवला.

सोळाव्याला मात्र माझे धैर्य कमी पडले. येथे फेअरवेच्या मध्यावर ‘प्रिन्सिपल्स नोज’ नावाचा तीन बंकरांचा पुंजका आहे आणि उजवीकडे जुन्या रेल्वेमार्गाची हद्द आहे; कुंपणापलीकडे गेलेला चेंडू बाद. रेल्वे 1969 मध्ये बंद झाली, हद्द राहिली. पुंजका आणि कुंपण यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत ड्राइव्ह ठेवणाऱ्याला ग्रीन उघडे मिळते. डावीकडे भरपूर जागा असली तरी तेथून पुढचा फटका ग्रीनच्या डाव्या बाजूच्या ‘विग’ बंकरावरून मारावा लागतो. वारा डावीकडून कुंपणाकडे ढकलत होता, म्हणून मी डावीकडे मारले. तो निर्णय सुरक्षित होता, पण त्याची किंमत ठाऊक असताना घेतलेला होता. दुसरा फटका बंकर ओलांडून टेकला आणि पळत ग्रीनच्या पलीकडे गेला. त्या होलवर सहा फटके झाले.

सतराव्या, म्हणजे ‘रोड होल’वर चार रविवारांपैकी एक पूर्ण रविवार मी घालवला होता. या होलची लांबी 2010 च्या ओपनसाठी 455 यार्डांवरून 495 यार्ड केली गेली. आम्ही अर्थातच पुढच्या टीवर होतो. ग्रीन अरुंद, उंचावलेले आणि तिरके आहे : पुढचे टोक उजवीकडे, मागचे डावीकडे. डाव्या कुशीत रोड बंकर शिरला आहे, पलीकडे डांबरी रस्ता आणि दगडी भिंत आहे. उजवीकडून येणाऱ्याला ग्रीनची लांबी मिळते, डावीकडून येणाऱ्याला फक्त रुंदी, आणि तीही बंकरावरून. त्यातच बंकराभोवतीची जमीन सगळ्या बाजूंनी आत ओढणारी आहे. 1978 च्या ओपनमध्ये जपानच्या त्सुनेयुकी नाकाजिमाचा चेंडू दोन फटक्यांत ग्रीनवर आला होता, पण पट उतारावरून वळून बंकरात गेला आणि त्या होलवर त्याचे नऊ झाले. माझ्या वहीत या जागी बाण काढले आहेत. सारे बंकराकडे वळलेले आहेत.

माझा ड्राइव्ह फेअरवेच्या डाव्या अंगाला पडला आणि अडीचशेच्या आसपास यार्ड उरले. पूर्वीच्या सवयीने मी तीन नंबरचे वुड (लांब पल्ल्याची काठी) काढून झेंड्याकडे मारले असते. आमच्या कॅडीने (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाने) काही न बोलता उजवीकडच्या एका गवताच्या पट्ट्याकडे बोट दाखवले, आणि माझ्या वहीतील रेषाही तेथेच येऊन मिळत होती. पाच नंबरच्या आयर्नने चेंडू तेथे ठेवला. आता ग्रीन लांबट दिसत होते, बंकर रेषेच्या डावीकडे राहिला होता आणि झेंडा पुढच्या भागात होता. ऐंशीएक यार्डांवरून आठ नंबरने ठेंगणा फटका मारला. चेंडू ग्रीनच्या अलीकडे दोनदा उसळला, चढाला लागून मंदावला, डावीकडे थोडा झुकला आणि झेंड्याच्या अलीकडे सहा पावलांवर थांबला. दोन पट, पाच. कार्डावर हा आकडा साधाच दिसतो, पण त्यातील प्रत्येक फटका कशासाठी मारला हे मला सांगता येत होते आणि याचे समाधान मोठे होते. अठराव्याला ‘व्हॅली ऑफ सिन’ या खळग्यातून चेंडू जमिनीवरून चढवला आणि फेरी 98 फटक्यांवर संपली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीबरोबर सतराव्याच्या मागच्या रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. झेंडा आता मागे डावीकडे, बंकराच्या पाठीशी सरकवलेला होता. आदल्या दिवशीच्या जागेवरून तेथे सरळ मारलेला चेंडू बंकराच्या बाजूच्या उतारावर टेकला असता. मी वही उघडून नवी रेषा काढली. ती झेंड्याकडे न जाता ग्रीनच्या पुढच्या उजव्या टोकाशी थांबत होती, आणि तेथून पुढे उताराच्या वरच्या अंगाने एक लांब पट होता.