भरतीचे पाच तास

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. मी लिंडिसफार्नला तीनदा सायकलने गेले हे कळलं की प्रश्न ठरलेला असतो: "चार-पाच किलोमीटरचं बेट, गावापर्यंत डांबरी रस्ता, गाडी थेट जाते. तिथं सायकलवर दिवसभर काय करायचं?" माझं उत्तर दर वेळी अर्धवट राहतं, कारण ते भरतीपासून सुरू करावं लागतं आणि तेवढ्यात विषय बदलतो. आज सगळं सांगते.

हे बेट इंग्लंडच्या ईशान्येला, स्कॉटलंडच्या सीमेच्या जरा खाली, नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्याला लागून आहे. तिथले लोक त्याला होली आयलंड म्हणतात. वस्ती दीडशेच्या आसपास. दिवसातून दोनदा रस्त्यावर पाणी चढतं आणि साधारण पाच-पाच तास बेट तुटतं. बाकीच्या वेळी तुम्ही चाकं न भिजवता जाऊ शकता. हा रस्ता १९५४ सालचा. त्याआधी लोक वाळूतून, खांबांच्या ओळीची खूण धरून जायचे. ते खांब आजही उभे आहेत आणि पायी येणारे यात्रेकरू त्याच ओळीनं चालतात. सायकल मात्र रस्त्यावरच ठेवायची. ओल्या वाळूत चाक रुततं आणि खारी रेती चेनमध्ये जाते, ती नंतर निघता निघत नाही.

बहुतेक पाहुणे ओहोटीबरोबर येतात, किल्ला बघतात आणि पाणी चढायच्या आत परततात. माझं वेळापत्रक त्याच्या उलट असतं. मी रस्ता बंद व्हायच्या तास-दीड तास आधी पलीकडे पोचते आणि पाणी आपल्यामागे रस्ता झाकतंय ते बघत बेटावर राहते. माझ्यासाठी बेट तिथून सुरू होतं. गाड्यांची रांग निघून गेलेली असते, गल्ल्या मोकळ्या होतात आणि पुढचे पाच तास कुणी येऊ शकत नाही की जाऊ शकत नाही. असा वेळ दुसरीकडे मला कुठं मिळालेला नाही.

यासाठी दिवस निवडावा लागतो, आणि तो चंद्र ठरवतो. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा पाऊण तासाहून थोडी जास्तच उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं. लिंडिसफार्नला तेव्हा पाणी चार मीटरांच्या आसपास चढतं-उतरतं. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती, तिचा जोर निम्म्यावर येतो. किनाऱ्यावरच्या प्रत्येक ठिकाणी उधाणाच्या भरतीची एक ठरावीक वेळ असते आणि या बेटावर ती दुपारची आहे. म्हणून मी उधाणाचे दिवस पकडते. सकाळी जायचं, दुपारभर तुटलेल्या बेटावर राहायचं, संध्याकाळी परत. जूनमध्ये तिथं रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे परतीची घाई नसते.

हे गणित जुनं आहे. आठव्या शतकात नॉर्थम्ब्रिया या इथल्याच जुन्या राज्यातल्या एका मठात राहणाऱ्या बीड या भिक्षूनं चंद्र आणि भरतीचा संबंध मांडला होता, आणि प्रत्येक बंदरातली भरती आपापल्या वेळेला येते हेही नोंदवलं होतं. या बेटाबद्दल त्यानं लिहिलंय की ते दिवसातून दोनदा बेट होतं आणि दोनदा जमिनीला मिळतं. अशा किनाऱ्यावर आयुष्य काढलेल्या माणसालाच हे सुचणार, असं मला मनापासून वाटतं.

आता भीतीचं विचारता, तर तेही सांगते. पहिल्या वेळी समोरच्या वाऱ्यानं मला उशीर झाला. बील म्हणजे मुख्य भूमीवर रस्ता सुरू होतो ती जागा. तिथल्या किनाऱ्यावर पोचले तेव्हा रस्ता ओलांडायच्या वेळांच्या तक्त्यातली सुरक्षित वेळ टळून वीस मिनिटं झाली होती. समोर रस्ता ठणठणीत कोरडा. गावापर्यंत पाच किलोमीटर. जोर लावला तर वीस मिनिटांचं काम, असं मनात आलं. तरी थांबले, आणि थांबले म्हणूनच पुढचं दिसलं. दूर, वाटेतल्या पुलापाशी रस्त्याचा एक तुकडा चकाकायला लागला. इथं समुद्र लाट होऊन समोरून येत नाही. मधल्या सखल भागात एक प्रवाह आहे, त्याला 'लो' म्हणतात. पाणी आधी त्यातून भरतं आणि पुलाजवळ रस्त्यावर चढतं. अलीकडचा रस्ता कोरडा दिसत असताना मधला गेलेला असतो. आणि पाणी सारख्या वेगानं चढत नाही. खलाशांचा ढोबळ हिशोब असा की एकूण चढ बारा भागांत मोजला तर सहा तासांत तो १, २, ३, ३, २, १ असा येतो, म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी. त्यात हवेचा दाब उतरला असेल, वारा किनाऱ्याकडे असेल, तर तक्त्यापेक्षा लवकर.

त्या पुलाला लागून उंच खांबांवर एक पांढरी खोली आहे, अडकलेल्यांनी वर चढून बसायला. तिचा उपयोग दर वर्षी कुणाला तरी करावा लागतो आणि बचावनौका बोलवावी लागते. मी त्या दिवशी बीलवरून परत फिरले आणि दुसऱ्या दिवशी आले. तेव्हापासून तक्त्यातल्या वेळेच्या निदान अर्धा तास आधी मी रस्त्याच्या पार असते.

वेगाचीही एक गोष्ट आहे. फ्रान्समध्ये न्वार्मुतिए बेटाकडे जाणारी, भरतीत बुडणारी चार किलोमीटरची 'पासाज द्यु ग्वा' नावाची फरसबंदी वाट आहे. १९९९ सालच्या तूर द फ्रान्स शर्यतीत त्या निसरड्या दगडांवर सायकलींचा ढीग पडला. मागे अडकलेला ॲलेक्स झ्युले त्या दिवशी सहा मिनिटांहून जास्त मागे पडला आणि शेवटी शर्यतीत दुसरा आला. जगातले उत्तम सायकलस्वार जिथं घसरले, तिथं आपण ओल्या शेवाळावर वळण कापू नये, ब्रेक हलके दाबावेत.

बेटावर पोचल्यावर मी गावात थांबत नाही, सरळ किल्ल्याकडे जाते. तो एका काळ्या सुळक्यावर बसलाय. हा सुळका डोलेराइटचा, सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वी वर घुसलेल्या शिलारसाचा. बेटावरचा ख्रिस्ती मठ १५३७ मध्ये बंद झाला आणि त्याचेच दगड नेऊन हा किल्ला उभा राहिला. १९०१ नंतर एडविन लट्यन्स यांनी त्याचं राहतं घर केलं, दिल्लीतलं राष्ट्रपती भवन ज्यांचं आहे तेच. किल्ल्याच्या उत्तरेला, मोकळ्या शेतात, चार भिंतींच्या आत गर्ट्रूड जीकिल यांनी १९११ साली आखलेली बाग आहे. चारही बाजूंनी वारा झोडपत असताना भिंतीआड शिरलं की अचानक फुलांचा वास येतो. सायकलवरून वाऱ्याशी झगडत आलेल्या माणसाला ती भिंत जेवढी कळते तेवढी गाडीतून उतरलेल्याला कळत नसावी.

सायकल हवी ती याचसाठी. बेट गाडीला फार छोटं आहे, आणि पाच तासांत चारही कोपरे दोनदा बघायचे तर चालायला जरा मोठं. गावातून उत्तरेला दगडी कुंपणांमधून स्ट्रेट लोनन नावाची शेतवाट जाते. ती संपते तिथं सायकल टेकवून ठेवायची आणि वाळूच्या टेकड्यांमध्ये पायी शिरायचं. ईशान्येच्या टोकाला, एमॅन्युएल हेडवर, जहाजांना दिवसा खूण म्हणून बांधलेला पांढरा पिरॅमिड आहे. हिवाळ्यात गेलात तर चिखलपट्ट्यांवर उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरून आलेले ब्रेंट हंस चरताना दिसतील.

आणि माझी सगळ्यात आवडती जागा गावाच्या नैर्ऋत्येला आहे. तिथं भरतीत तुटणारं आणखी एक बेट आहे, पोटातलं बेट म्हणावं असं. मठ सुरू झाला ६३५ मध्ये. पुढे त्याचा प्रमुख झालेला कथबर्ट एकांतासाठी या इवल्याशा खडकावर येऊन राहायचा. मठाचं बेट दिवसातून दोनदा जगापासून तुटायचं, तेही त्याला पुरेना. पुढे तो आणखी लांब, फार्न बेटावर गेला आणि ६८७ मध्ये तिथंच वारला. भरती पूर्ण आली की मी त्या खडकासमोर बसते. पलीकडच्या वाळूच्या बांधांवरून सीलचा आवाज येतो, लांबलचक, हुंकारासारखा. ओळखीचा नसेल तर माणूस दचकतो. गाड्या असताना हा आवाज बुजून जातो.

मी त्या आवाजावरच परतीची वेळ ओळखायला शिकले आहे, म्हणजे तक्ता खिशात असतोच, पण पाणी उतरायला लागलं की बांध उघडे पडतात, सील जागा बदलतात आणि कोलाहल वाढतो. मग मी रस्त्याच्या टोकाशी जाऊन उभी राहते. आधी खांबांचे बुंधे दिसतात, मग रस्त्याच्या कडा, मग मधली रेघ. सुरक्षित वेळ झाल्यावरही खोलगट जागी पाणी साचलेलं असतं. तिथून हळू जायचं, मडगार्ड असेल तरी पाय भिजतात. त्याच रात्री गोड्या पाण्यानं चेन, गिअर, ब्रेकच्या केबली धुवायच्या, कोरड्या करायच्या, तेल घालायचं. एकदा दमून हे काम सकाळवर ढकललं, तर सकाळी चेनवर तांबडा थर आला होता.