तुम्ही विचारलंत म्हणून: मॅक्रो का देत नाही

"ताई, तुमचे हीलिंगचे मॅक्रो पाठवता का?"

गेली दोन वर्षं हा निरोप येतोय. (मॅक्रो म्हणजे गेमला द्यायच्या आज्ञांच्या दोन-चार ओळी, एका बटणावर बांधलेल्या.) वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये प्रीस्ट हे पात्र घेऊन हीलिंग, म्हणजे साथीदारांची हेल्थ भरून काढायचं काम, करणारी आपल्याकडची माणसं मोजकी, त्यामुळे कुणी नवा आला की कुणीतरी माझं नाव सांगतं. मी नाही म्हणते. मग "एवढं काय आहे त्यात?" आणि मग अबोला. परवा एकीने लिहिलं, नाशिकची माणसं ओळख नसताना द्राक्षांची पेटी हातात ठेवतात आणि तुमच्याकडून चार ओळी सुटत नाहीत. ते लागलं मला. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

लपवण्यासारखं माझ्याकडे काहीही नाही. माझा रोजचा मॅक्रो असा आहे: पहिली ओळ #शोटूलटिप, दुसरी ओळ /कास्ट [@माउसओव्हर, हेल्प, नोडेड] फ्लॅश हील. गेममध्ये इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा, बस. पडद्यावर ज्याच्या नावाच्या चौकटीवर माउस आहे तो आपल्या बाजूचा असेल आणि जिवंत असेल, तर त्याला फ्लॅश हील, म्हणजे झटपट हील करणारा स्पेल. क्लिक करायला नको. टार्गेट बदलत नाही, बॉसवर (समोरच्या मोठ्या शत्रूवर) लावलेलं बॉसवरच राहतं. आधी मी चौकटीवर क्लिक करायचे, मग बटण दाबायचे, मग पुन्हा बॉसला पकडायचे. पाच जणांच्या डंजनमध्ये ते निभावतं, एफ1 ते एफ5 बटणांनी साथीदार निवडूनही भागतं. रेडमध्ये, म्हणजे त्याहून मोठ्या टोळीच्या लढाईत, नाही भागत.

बरेच जण याच्यापुढे [@प्लेअर] जोडतात, म्हणजे माउस कुणावरच नसेल तर हील स्वतःवर. मी जोडत नाही. माउस जरासा घसरला की टँकसाठीचं, म्हणजे बॉसचे फटके अंगावर घेणाऱ्यासाठीचं, हील माझ्यावर पडतं आणि गडबडीत ते लक्षातही येत नाही. त्यापेक्षा हील सुटलंच नाही तर निदान कळतं. एकट्याने लेव्हल वाढवताना मात्र ती जोड कामाची आहे, तिथे मी भांडणार नाही.

"मॅक्रो लावला म्हणजे कॉम्प्युटरच खेळतो की" हे ऐकलं की मात्र माझं डोकं फिरतं. एके काळी ते थोडंफार खरं होतं. तेव्हाचे अॅडऑन (गेमला जोडायचे छोटे प्रोग्राम) कुणाला हील लागतंय ते स्वतः शोधून टार्गेट निवडू शकायचे. डिसेंबर 2006 मध्ये गेमचा 2.0 पॅच (सुधारित आवृत्ती) आला आणि ते बंद झालं. आज मॅक्रोला कुणाची हेल्थ किती उरली आहे हे विचारताच येत नाही, तशी अटच त्या भाषेत ठेवलेली नाही. 255 अक्षरांत मावेल तेवढंच लिहायचं, एका दाबण्यात एक हील, आणि पुढच्यासाठी दीड सेकंद थांबायचं, तो ग्लोबल कूलडाउन. त्या दीड सेकंदात कुणाला वाचवायचं आणि कुणाला थांबवायचं, हे हीलरच ठरवतो.

मग देत का नाही? कारण एकदा दिले होते.

रॅथ ऑफ द लिच किंग क्लासिक या गेमच्या जुन्या रूपातल्या आवृत्तीत ऑक्टोबर 2023 ला आइसक्राउन सिटाडेल ही रेड उघडली. आम्ही दहा जण होतो, पुण्याचे, इंदूरचे, बंगळुरूचे, आणि नाशिकचे दोघं. युरोपच्या सर्व्हरवर खेळायचो, शनिवारी रात्री साडेनऊला, तेव्हा तिकडे जेमतेम संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. दुसरा नाशिककर म्हणजे जेल रोडला राहणारा, डिप्लोमा करणारा एक मुलगा. मी इंदिरानगरची. गिल्डमध्ये, म्हणजे आमच्या गटात, सगळे हिंदीत बोलायचे, तो माझ्याशी मराठीत.

प्रीस्टच्या हीलिंगच्या दोन पद्धती, होली आणि डिसिप्लिन. डिसेंबरात मी होली सोडून डिसिप्लिन घेतलं आणि होलीची जागा त्याच्याकडे गेली. एका रविवारी गंगापूर रोडला मिसळ खायला भेटलो. पाव मोडता मोडता तो म्हणाला, "ताई, तुमचेच मॅक्रो घेऊ का? मी बनवत बसलो तर शनिवारपर्यंत व्हायचं नाही." मी तिथल्या तिथे फोनवरून फाइल पाठवली. अकरा मॅक्रो होते. ताट बाजूला सारून एकेक उघडून त्याला समजावत गेले. दहा झाले. तेवढ्यात पोऱ्या रस्सा वाढायला आला, बोलणं त्याच्या परीक्षेकडे वळलं, आणि अकरावा राहिला.

अकरावा गार्डियन स्पिरिटचा होता. ज्याच्यावर टाकाल त्याच्यावर दहा सेकंद पहारा: मिळणारं हीलिंग 40 टक्क्यांनी वाढतं, आणि तेवढ्यात जीव घेणारा फटका बसलाच तर स्पिरिट स्वतः जातो आणि माणूस अर्ध्या हेल्थवर उभा राहतो. तीन मिनिटांतून एकदाच मिळतो. असा स्पेल चौकटी शोधत टाकायचा नसतो, म्हणून मी तो [@फोकस, हेल्प, नोडेड] असा बांधला होता. फोकस म्हणजे बाजूला धरून ठेवलेलं दुसरं टार्गेट. एकदा लावलं की तुम्ही बदलेपर्यंत ते तिथेच राहतं. टँक बदलला की फोकस बदलायचा, ही सवय माझ्या बोटांना होती. मॅक्रोत ती कुठेच लिहिलेली नव्हती.

जानेवारी 2024. नाशिकची थंडी, मनगटाखाली शालीची घडी ठेवून मी खेळत होते. समोर फेस्टरगट, हिरोइक म्हणजे अवघड पातळीवरचा. हा बॉस समोरच्या टँकवर गॅस्ट्रिक ब्लोट नावाचा परिणाम एकावर एक चढवत जातो. नऊ झाले की दुसऱ्या टँकने त्याला आपल्याकडे ओढायचं, कारण दहावा चढला तर स्फोट होतो आणि सगळी रेड जाते. शिवाय तो खोलीतला वायू आत ओढत असतो, तीनदा ओढून झाला की त्याचे फटके सगळ्यांत जड. टँकची अदलाबदल आणि हा तिसरा श्वास आमच्याकडे जवळजवळ एकदमच यायचे. माझं पेन सप्रेशन (बसणारा मार कमी करणारा स्पेल) पहिल्या टँकवर आधीच खर्च झालं होतं. ठरलं होतं की अदलाबदल झाली की नव्या टँकवर गार्डियन स्पिरिट.

मी म्हणाले, "स्पिरिट." तो म्हणाला, "दिया." आणि नवा टँक दोन फटक्यांत पडला. पहिल्याने घाबरून बॉस परत ओढला, त्याच्यावर नऊ होतेच, दहावा चढला. बॉसची हेल्थ 8 टक्के उरली होती.

लीडरने लॉग, म्हणजे लढाईची नोंद, उघडला. "गार्डियन स्पिरिट किस पे गया?" उत्तर त्यानेच वाचलं. पहिल्या टँकवर. म्हणजे ज्याला त्या वेळी कुणी मारतच नव्हतं त्याच्यावर. जुना टँक जिवंत होता, जवळ होता, त्यामुळे गेमने कसलीही लाल अक्षरं दाखवली नाहीत. मुलगा म्हणाला, "मैंने टाइम पे दबाया था. फोकस पे था." मग एक जण, "फोकस बदला क्यों नहीं?" दुसरा, "इतना नहीं पता तो हील क्यों करते हो?" आणखी एक हसला.

माझं बोट पुश-टू-टॉकवर, म्हणजे दाबून बोलायच्या बटणावर, होतं. मी ते दाबलं. माझ्या नावाभोवती हिरवी कड उमटली. "मॅक्रो माझा आहे", एवढंच म्हणायचं होतं. मी श्वास घेतला. लीडर म्हणाला, "हां दीदी, बोलो." आणि मी म्हणाले, "कुछ नहीं. चलो, फिर से बफ करो."

त्या रात्री तिसऱ्या खेपेला बॉस पडला. त्या खेपेला त्याने फोकस वेळेवर बदलला. स्पिरिट बरोबर जागी गेला आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. साडेबाराला मला मेसेज आला: "ताई, मॅक्रोमध्ये काही चुकलं होतं का?" मी उत्तर दिलं, "नाही रे, मॅक्रो बरोबर आहे." यातला एकही शब्द खोटा नाही. पुढच्या शनिवारी तो आला नाही. नंतर गिल्डच्या यादीतूनही त्याचं नाव गेलं. परीक्षा होती, असं कुणीतरी सांगितलं. असेलही. मी त्याला विचारलेलं नाही.

तेव्हाची मी अजून माझ्याशी भांडते. ती म्हणते, दोन ओळी होत्या, वाचायला काय गेलं असतं? तुला तरी कुणी शिकवलं होतं? तू टँक मारून मारून शिकलीस, तोही शिकला असता. अकरावा राहिला हे त्याच्याही लक्षात यायला हवं होतं. यातलं बरंचसं मला आजही पटतं. दुसऱ्याचा मॅक्रो न वाचता बटणावर लावणारा हीलर मला आजही बेजबाबदार वाटतो. फक्त ती मी बटणावरून बोट का उचललं, याबद्दल काही बोलत नाही.

तो मॅक्रो मी नंतर बदलला. आता तिथे @टार्गेटटार्गेट आहे, म्हणजे माझं टार्गेट ज्याच्यावर रोखलेलं आहे तो. मी बॉसला टार्गेट करून ठेवला असेल, तर बॉस ज्याला मारतोय त्यालाच स्पिरिट मिळतो. फोकस बदलायची भानगड नाही. त्या मुलाकडे हा असता तर टँक वाचला असता, असं बदलल्यावर काही दिवस वाटत राहिलं. मग दुसऱ्याच एका बॉसने क्षणभर भलतीकडे वळून काहीतरी टाकलं आणि माझा स्पिरिट त्या भलत्या माणसावर गेला. हाही मॅक्रो कुणाला दिला, तर त्याच्यासोबत हे सांगावंच लागेल. आणि सांगता सांगता रस्सा येतो.

तुम्ही म्हणाल, मग समजावून द्या. न देणं हा कसला उपाय? हे मला माझ्या धाकट्या बहिणीनेही ऐकवलं आहे, तिच्या शब्दांत: "तुला त्यांची काळजी नाही, तुझं नाव पुढच्या वाइपला जोडलं जाईल याची आहे." (वाइप म्हणजे सगळी रेड मरणं.) मी खूप चिडले. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिचं म्हणणं खोडून काढायला गेले तर अजून जमलेलं नाही.

सध्या मी एवढंच करते. जो मागेल त्याला सांगते की आपण बोलत बोलत बसू, मॅक्रो तू स्वतः टाइप कर, आणि प्रत्येकावर मी एकच विचारीन: आत्ता बटण दाबलंस तर हा स्पेल कुणावर जाईल? टार्गेट मेलं असेल तर? माउस जमिनीवर असेल तर? बहुतेक जण यानंतर फिरकत नाहीत. त्यांना फाइल हवी असते, आणि ती त्यांना दुसरीकडे मिळतेही. चौघी-पाच जण टिकले. त्यातल्या एकीचे मॅक्रो माझ्यापेक्षा चांगले आहेत.

द्राक्षांच्या पेटीचं लिहिणाऱ्या ताईंना: येत्या रविवारी सकाळी मी मोकळी आहे. तुमच्या माउसला बाजूची बटणं आहेत का आणि कुठल्या बटणावर काय लावलंय, ते कागदावर लिहून ठेवा. गार्डियन स्पिरिटपासून सुरू करू.