तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेत जातीचं कशाला काढायचं?

पालकसभा संपली की कोणीतरी मागे थांबतं आणि हळूच विचारतं, "मॅडम, लेकरांच्या डोक्यात जात नसते. मग तुम्ही वर्गात तो विषय काढता काऊन?" नागपुरात शिकवायला लागून बावीस वर्षं झाली, हा प्रश्न काही सुटला नाही. म्हणून आज नीट सांगते.

मी पाचवीत होते. सर फॉर्मचा गठ्ठा घेऊन आले नि म्हणाले, "स्कॉलरशिपवाले उभे राहा." माझ्या बाकावरची मैत्रीण उभी राहिली. आम्ही रोज डबा वाटून खायचो. तिच्या आईची जवसाची चटणी मला फार आवडायची. मागून कोणीतरी "फुकटवाले" म्हणालं. सरांनी ते ऐकलं आणि पुढचा फॉर्म उचलला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन एकटीच व्हरांड्यात गेली. मी तिला हाक मारली नाही. मारायला हवी होती. कोण कुठल्या जातीचं हे तोवर मला खरंच माहीत नव्हतं. ते मला शाळेनं सांगितलं.

शाळेला जात पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. जनरल रजिस्टरात तिचा रकाना असतो, पुढे जातीच्या प्रमाणपत्रासाठी तोच उतारा लागतो. तो असलाच पाहिजे. पण फॉर्म भरायला मी पालकांना एकेकटं बोलावते. वर्ग झाडायची पाळी हजेरी क्रमांकानं लावते; "आमच्या मुलीच्या हाती झाडू?" म्हणत आलेल्या वडिलांनाही तेच सांगितलं.

आणि सातवीला मी जाईबाई चौधरींची गोष्ट सांगते. लहानपणी नागपूर-कामठी ओझी वाहणारी ही मुलगी एका मिशनरी बाईंच्या मदतीनं शिकली, मिशनच्या शाळेत शिक्षिका झाली. बाई महार आहेत हे कळताच सवर्णांनी मुलं काढून घेतली, नोकरी गेली. जाईबाईंनी मग नागपुरातच मुलींसाठी चोखामेळा शाळा काढली. एका वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, त्या पोरांना कोणी विचारलं होतं का?" त्या दिवशी भूगोलाचा तासही मी त्यावरच घालवला.

बोलण्याइतकंच एकत्र बसणंही महत्त्वाचं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं 1954 साली काळ्या-गोऱ्या मुलांसाठी वेगवेगळ्या सरकारी शाळा ठेवणं घटनाबाह्य ठरवलं. आपल्याकडे तशी पाटी कुठे नाही, पण ते काम फी करते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या, ती या भिंतीतली एक खिडकी. 2024 मध्ये राज्य सरकारनं नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खासगी शाळेला यातून सूट दिली. हायकोर्टानं तो बदल रद्द केला, तेव्हा मला हायसं वाटलं.

पण खिडकीतून आत गेलेल्या मुलाचं काय होतं, हे त्या वर्गातल्या बाईंवर असतं. या जागांच्या लॉटरीत मुलाचा नंबर लागलेली एक आई मला भेटायला आली होती. आनंद होताच, पण विचारत होती, "तिथं माह्या पोराले मांगं तर नाही बसवणार न?" मी तिला म्हटलं, ताई, मार्कांचं नंतर बघू. पहिले पंधरा दिवस तो घरी आला की एवढंच विचारा, आज डबा कोणासोबत खाल्ला.