तुम्ही विचारलंत म्हणून: वकिलीत एआय शिकायचं कुठून?

"मॅडम, तुम्ही ते एआय वापरता म्हणे. कुठे शिकलात? काही कोर्स आहे का?" बार रूममध्ये हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्यांत नुकती सनद घेतलेली मुलं असतात, तसे माझ्याहून सीनियर दिवाणी वकीलही असतात. पुकारा व्हायच्या आत उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून लिहिते.

कोर्स नाही केला. शिकले ती निकाली फाइलवर. ज्या दाव्याची नक्कल हातात आली आहे आणि ज्यातला प्रत्येक कागद आपल्याला पाठ आहे, असा एखादा दावा घ्या. त्यातलं वादपत्र, कैफियत (म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर), सरतपासाची (म्हणजे साक्षीदाराच्या मूळ जबाबाची) शपथपत्रं एआयला द्या आणि प्रश्न विचारत बसा. उत्तरं आपल्याला आधीच माहीत असतात, त्यामुळे ते कुठे बरोबर चालतं आणि कुठे ठोकून देतं हे लगेच कळतं. पहिले प्रयोग चालू प्रकरणावर करू नयेत, एवढं तरी पाळा.

बहुतेकांना वाटतं, एआयचा खरा उपयोग सायटेशन, म्हणजे आधाराला जुने निकाल, शोधायला. मला विचाराल तर तिथेच ते सगळ्यात कच्चं आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात चॅटजीपीटीनं रचलेले निकाल दाखल केल्याबद्दल पाच हजार डॉलर दंड झाला, ते प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एक आयकर आकारणीचा आदेश रद्द केला, त्यातही आधाराला घेतलेले निकाल अस्तित्वातच नव्हते. पण न झालेला निकाल पकडणं सोपं असतं हो. सुप्रीम कोर्टाचे निकाल त्याच्याच डिजिटल एससीआर या वेबसाइटवर फुकट बघता येतात. तिथे नाही मिळाला की संशय घ्यायचा. फसगत होते ती खऱ्या निकालानं.

वाटपाच्या दाव्यातलंच घ्या. वडील हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीआधी मयत असतील तर मुलगी सहदायिक, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क असलेली, ठरते का? प्रकाश विरुद्ध फुलवती या निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलं होतं की ९ सप्टेंबर २००५ रोजी बाप आणि मुलगी दोघंही हयात हवेत. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालानं ११ ऑगस्ट २०२० ला ते मत मोडीत काढलं. सरळ प्रश्न विचारला तर एआय विनीता शर्मा सांगतं. पण "प्रतिवादी भावांच्या बाजूनं लेखी युक्तिवाद करून दे" म्हटलं की फुलवती ऐटीत हजर होते, आणि तो निकाल आता कायदा राहिलेला नाही याचा अवाक्षरही उल्लेख नसतो. नाव खरं, कोर्ट खरं, सायटेशनही खरं. घाईतला वकील संशय घेणार कशावरून?

फौजदारीवाल्यांना असाच ताप कलम ४८२ चा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचं कलम. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. प्रश्नात कायद्याचं नाव घातलं नाही तर उत्तराची खिचडी होते.

मग मी ते वापरते कशाला? स्वतःचंच रेकॉर्ड वाचायला. समजा, मी बहिणींतर्फे आहे आणि भावांच्या कैफियतीत म्हटलंय की १९९० सालीच तोंडी वाटप झालं, बहिणींचा आता संबंध नाही. दाखल कागद म्हणजे सातबाऱ्याचे जुने उतारे, आठ-अ, फेरफार, विकास सोसायटीच्या कर्जाच्या नोंदी. मी सांगते, सगळ्या तारखा क्रमानं लाव, प्रत्येकीपुढे निशाणी क्रमांक (कोर्टात त्या कागदाला पडलेला नंबर) लिही, कागदात नसलेलं काहीही घालू नकोस. त्या यादीत दिसतं की तथाकथित वाटपानंतरही सोसायटीच्या कर्जाचा बोजा सगळ्या क्षेत्रावर सामाईकच चढत राहिला. विनीता शर्मामध्येच म्हटलंय की तोंडी वाटपाचा बचाव अपवादानंच आणि सरकारी कागदांचा आधार असेल तरच मानायचा, त्यामुळे ही एक नोंद फार कामाची. प्रत्येक तारीख मूळ कागदाशी मी स्वतः ताडून बघते. हस्तलिखित फेरफारात तर ते हेक्टर-आरचे आकडे बिनधास्त बदलतं. मोडीतल्या जुन्या नोंदींसाठी मी अजूनही मोडी वाचकाकडेच जाते.

दुसरा उपयोग, त्याला समोरचा वकील करायचं. "तू प्रतिवादीतर्फे आहेस, माझ्या वादीचा उलटतपास घे." यातून आपल्या बाजूची भोकं झक्क दिसतात. मात्र त्यानं काढलेले प्रश्न जसेच्या तसे विचारायला जाऊ नका. त्याला 'का' विचारायची भारी हौस. "तुम्ही इतकी वर्षं हरकत का घेतली नाही?" असं साक्षीदाराला विचारलं की तो सासर-माहेरची सगळी कहाणी ऐकवतो आणि ती रेकॉर्डवर जाते. त्यापेक्षा "फेरफाराची नोटीस तुम्हाला मिळाली होती", एवढंच सुचवायचं आणि गप्प बसायचं.

अशिलाची गुपितं हा एक मुद्दा मात्र कोणी विचारतच नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम १२६, आता नव्या साक्ष्य अधिनियमात १३२: पक्षकारानं सांगितलेलं त्याच्या संमतीशिवाय बाहेर जाता कामा नये. फुकटच्या ॲपमध्ये सगळं वकीलपत्र आधार नंबरासकट चिकटवणारे लोक मी पाहते. मी नावांच्या जागी 'वादी क्र. १' आणि 'मयत' लिहिते, गाव आणि गट नंबर काढून टाकते, आणि संभाषण प्रशिक्षणासाठी वापरू देण्याचं सेटिंग बंद ठेवते. घटस्फोटाची आणि पोक्सोची प्रकरणं मी त्यात घालतच नाही. यावर वाद घालायची माझी तयारी नाही.

राहता राहिले ज्युनियर. तारखांची यादी काढता काढताच आम्ही कागद वाचायला शिकलो. दिवसभर रेकॉर्ड रूममध्ये बसायचं, धूळ खायची, आणि संध्याकाळी सीनियरनी एकच विचारायचं, "निशाणी ३२ वर सही कोणाची?" ते काम यंत्राकडे गेलं तर पोरं हे शिकणार कुठे, ते मला अजून उमगलेलं नाही. तोवर माझ्याकडे नवीन आलेल्यानं पहिली यादी हातानं काढायची, मग यंत्राची शेजारी ठेवायची आणि फरक मला दाखवायचा. कुरकुर होते, पण काढतात.